गिटारच्या पोटातल्या तारा

पुण्यात इलेक्ट्रिक गिटार अँपला जोडा, आवाज चढवा आणि तारांवरचा हात काढून घ्या. घूंऽऽ असा जो आवाज सुरू होतो, त्याचा सूर एकदा ट्यूनरवर पाहा. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते. अँपच्या स्पीकरमधून ठसठशीत ऐकू येते ती तिची दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झ. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो ‘जी’ वाजतो तो ९८ हर्ट्झचा. म्हणजे भिंतीतली वीज आपल्याला फुकटात एक ‘जी’ पुरवत असते, तोही किंचित चढा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिथली घूं बी फ्लॅट आणि बी यांच्या मधोमध येते. तिकडच्या गिटारवाल्यांना जी स्केलमध्ये हा त्रास तितका टोचत नाही, आपल्याला टोचतो.

गिटार उघडून आतल्या जोडण्या बदलायची खोड मला या घूंमुळेच लागली. सतारवाला जवारी बिघडली की बिनदिक्कत मिरजेची वाट धरतो. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा सरकवून जवारी खुलवणं हे तर रियाजाइतकंच रोजचं. इलेक्ट्रिक गिटारवाला मात्र वर्षानुवर्षं वाजवतो आणि पिकगार्डचे अकरा स्क्रू काढायला घाबरतो. वास्तविक आत घाबरण्यासारखं काही नसतं. बहुतेक गिटारींत बॅटरीसुद्धा नसते.

आत काय असतं

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. स्ट्रॅटोकास्टरच्या एका पिकअपमध्ये सुमारे आठ हजार. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत अगदी किरकोळ व्होल्टेज तयार होतं. मायकेल फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलेलंच तत्त्व. पण हे वेढे भोळे असतात. पोलादी तारेचं हलणं आणि शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र यांत त्यांना फरक कळत नाही. मग ट्यूबलाइटचा चोक, लॅपटॉपचा चार्जर, गणपतीच्या दिवसांत मांडवातल्या दिव्यांचे डिमर, सगळे गिटारमधून बोलू लागतात.

यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी तोड काढली. वेढ्यांची दोन रिळं शेजारी ठेवायची, एकाचं चुंबकीय टोक उलटं, एकाचे वेढेही उलटे. तारेचा आवाज दोन्हीकडून मिळून वाढतो, बाहेरून आलेली घूं मात्र एकमेकींना खाऊन टाकते. पेटंटचा अर्ज १९५५ चा, गिटारींवर हा पिकअप आला १९५७ मध्ये. घूं मोडणारा म्हणून नाव हमबकर.

पिकअपनंतर येतात व्हॉल्यूमचा पॉट, टोनचा पॉट, टोनला लटकवलेला एक कपॅसिटर, पिकअप निवडायचा स्विच आणि जॅक. एवढाच संसार.

ज्याला आपण गिटारचा ‘कॅरेक्टर’ म्हणतो, त्यातला बराचसा भाग एका शिखरात असतो. पिकअपच्या वेढ्यांचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटी यांची जोडी एका ठरावीक वारंवारितेला उसळी मारते. पिकअप अडीच हेन्रीचा असेल आणि केबलसकट सहाशे पिकोफॅरड कपॅसिटी असेल, तर ही उसळी सुमारे ४१०० हर्ट्झला येते. साधी केबल मीटरमागे शंभरेक पिकोफॅरड धरते. पाच मीटरच्या जागी दहा मीटरची केबल लावली की तेच शिखर ३००० पर्यंत उतरतं आणि धार बोथट होते. म्हणजे वायरिंगमधला पहिला बदल गिटारच्या बाहेरच करता येतो, आणि तो स्क्रू ड्रायव्हरसुद्धा मागत नाही. नवा पिकअप मागवण्याआधी दुसऱ्याची आखूड केबल लावून बघावी, हे मी प्रत्येकाला सांगतो. ऐकतं कोणी नाही.

पासोड्या विठोबाच्या दारी

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. देवळासमोर कधीकाळी पासोड्या विकायला बसत, म्हणून विठोबा पासोड्या झाला असं सांगतात. आज तिथे रेझिस्टर विकले जातात, नाव बदललेलं नाही. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी इथे आलेला मुलगा पुढे गिटारसाठी परत येतो, तेव्हा त्याच्या लक्षात येतं की दुकानदाराला ‘गिटारचा पॉट’ असं काही ठाऊक नसतं. आकड्यात मागायचं.

सिंगल कॉइल पिकअपला २५०के, हमबकरला ५००के, हा साधारण रिवाज. पॉट जितका मोठा तितकं ते शिखर मोकळं राहतं. छोटा पॉट त्याला दाबून धरतो. आकड्याआधीचं अक्षर त्याहून महत्त्वाचं. ‘ए’ म्हणजे ऑडिओ, ‘बी’ म्हणजे सरळ चढणारा. काउंटरवर हात घातला की बहुतेक वेळा ‘बी’ हाती येतो. तो व्हॉल्यूमला बसवला तर दहापासून तीनपर्यंत फिरवूनही फारसा फरक कळत नाही आणि मग एकदम आवाज गडप होतो. कानाचं गणित सरळ रेषेचं नसतं, म्हणून व्हॉल्यूमला ‘ए’.

मल्टिमीटर खिशात घेऊन जावं. ५००के छापलेला पॉट वीस टक्के इकडे-तिकडे असणं कंपनीच्याच हिशोबात बसतं. म्हणजे तो ४०० चाही निघतो, ६०० चाही. काउंटरवर सहा पॉट मांडून दोन टोकांवर मीटर लावला की दुकानदार आधी कपाळाला आठी घालतो, चौथ्या पॉटला स्वतःच आकडा वाचायला लागतो. हमबकर फारच कर्कश वाटत असेल तर ४२० वाला घ्यावा, मिणमिणता वाटत असेल तर ५६० वाला. ही निवड पैसे न मोजता मिळते.

आणखी एक अडचण मापाची. अमेरिकी पद्धतीच्या पॉटची मान जाड, आशियात बनलेल्या बहुतेक स्वस्त गिटारींना पडलेली भोकं बारीक. शिवाय दांड्यावरच्या रेघा वेगळ्या, त्यामुळे जुनी नॉब नव्या पॉटवर बसत नाही. कॅलिपर नसेल तर जुना पॉट काढून सोबत न्यावा. लाज वाटण्याचं कारण नाही.

कपॅसिटरवर २२३ लिहिलेलं असेल तर ०.०२२ मायक्रोफॅरड, ४७३ म्हणजे ०.०४७. पहिला हमबकरला चालतो, दुसरा सिंगल कॉइलला. तो सिरॅमिक असो, पॉलिएस्टर असो किंवा जुन्या रेडिओतून उपटलेला मेणकागदी असो, आकडा सारखा असेल तर गिटारच्या टोनला फरक पडत नाही असं माझं ठाम मत आहे. आम्ही दोघा मित्रांनी एका स्विचवर तीन जातींचे कपॅसिटर जोडून, एकाने पाठ फिरवून, तासभर ऐकले. माझे अंदाज नाणं उडवून सांगितल्यासारखे निघाले. त्याचे माझ्याहून वाईट.

एका तारेचं काम

स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची. तिच्यात तीन पिकअप, दोन टोन. पहिला टोन मानेजवळच्या पिकअपला, दुसरा मधल्याला, आणि पुलाजवळच्या, म्हणजे सगळ्यांत कर्कश, पिकअपला कोणताच नाही. असं का, हा प्रश्न प्रत्येक स्ट्रॅटवाल्याला पहिल्या आठवड्यातच पडतो. इलाज एका बोटभर तारेचा आहे. पाचकलमी स्विचच्या टोनच्या बाजूला पुलाच्या पिकअपचं रिकामं टर्मिनल असतं. ते शेजारच्या मधल्या पिकअपच्या टोन टर्मिनलला जोडायचं. झालं. गिटारमध्ये करायचा एकच बदल विचाराल तर मी हा सांगेन. उघडणं, जोडणं आणि बंद करणं यांत पाऊण तास जातो, त्यातला निम्मा वेळ स्क्रू शोधण्यात.

स्विच मुळात पाचकलमी नव्हताच. तीनच जागा होत्या, पण वादकांना तो दोन जागांच्या मध्ये अडकवला की दोन पिकअप एकदम वाजतात असा शोध लागला आणि सगळे तसंच वाजवू लागले. स्ट्रॅटच्या कंपनीनं पाचकलमी स्विच दिला १९७७ पासून. वादकांचा हट्ट आधी, कारखाना मागून.

तरीही मान आणि पूल हे दोन पिकअप एकत्र, किंवा तिन्ही एकत्र, हे आवाज पाचांत बसत नाहीत. त्यासाठी एक छोटा स्विच असा जोडायचा की तो ओढला की मानेचा पिकअप कशाहीसोबत चालू होतो. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मूरच्या काळ्या स्ट्रॅटवर अशी सोय होती. ती गिटार २०१९ मध्ये लिलावात सुमारे ४० लाख डॉलरला गेली. आपल्या गिटारची किंमत या बदलानं वाढत नाही, पण दोन आवाज नक्की वाढतात.

आवाज कमी केला की गढूळ का होतो

व्हॉल्यूम सातवर आणला की आवाज नुसता कमी होत नाही, त्यावर गोधडी पडल्यासारखा होतो. कारण पॉट फिरवताना पिकअप आणि केबल यांच्या मध्ये अडथळा येतो, आणि तो अडथळा केबलच्या कपॅसिटीशी संगनमत करून वरच्या वारंवारिता जमिनीत घालवतो.

उपाय दोन. एक ट्रेबल ब्लीड: व्हॉल्यूम पॉटच्या आतल्या आणि बाहेर जाणाऱ्या पायांमध्ये छोटा कपॅसिटर टाकायचा, म्हणजे वरचे सूर त्या आडवाटेनं निसटतात. १००० पिकोफॅरड आणि त्याला समांतर १५०के रेझिस्टर ही जोडी चांगली सुरुवात आहे. दुसरा उपाय पन्नाशीच्या दशकातल्या गिब्सनसारखा: टोनचा कपॅसिटर व्हॉल्यूम पॉटच्या आतल्या पायावरून काढून बाहेर जाणाऱ्या पायावर लावायचा. काहीच विकत घ्यावं लागत नाही, फक्त टोन खाली आणला की आवाजही थोडा उतरतो. दोन्ही उपाय एकाच गिटारवर केले तर आवाज पत्र्यासारखा होतो.

१००० पिकोफॅरडच्या कपॅसिटरवर १०२ छापलेलं असतं. पहिल्यांदा मी रात्री अकराला टेबललॅम्पच्या उजेडात १०३ लावला, म्हणजे दसपट. दुसऱ्या दिवशी तालमीत व्हॉल्यूम पाचवर आणला तर खर्ज गेला आणि उरलेलं सगळं तसंच. गाणाऱ्या मित्रानं वळून विचारलं, ‘मोबाइलवर वाजवतोयस का?’ कपॅसिटरवरचा आकडा आता भिंगातून वाचतो.

हमबकर अर्धा करावा की समांतर?

हमबकरची दोन रिळं आतून एकापुढे एक, सिरीजमध्ये असतात. बहुतेकांना पुश-पुल पॉट बसवून त्यातलं एक रीळ बंद करायचं असतं, म्हणजे त्याच गिटारमधून सिंगल कॉइलचा आवाज मिळेल. पुश-पुल म्हणजे पॉटच्या बुडाला सहा पायांचा स्विच. मला तो पासोड्या विठोबाला कधी मिळाला नाही, ऑनलाइन मागवावा लागला. साधा टॉगल स्विच तिथे वाटेल तितका मिळतो, पण त्यासाठी गिटारला नवं भोक पाडावं लागतं. भोक बुजवता येत नाही.

एक रीळ बंद केलं की हमबकर हमबकर राहत नाही, घूं परत येते. ज्या शहरात तालमीची खोली जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर लिफ्टची मोटर आणि छताला जुन्या चोकच्या ट्यूबलाइट असतात, तिथे हा सौदा मला तोट्याचा वाटतो. त्यापेक्षा दोन्ही रिळं समांतर करावीत. साडेचार हेन्रीचा पिकअप समांतर केला की इंडक्टन्स जेमतेम सव्वा हेन्रीवर येतो, उसळीचं शिखर तीन हजारांवरून सहा हजारांपर्यंत चढतं, आवाज हलका पण काचेसारखा स्वच्छ होतो, आणि दोन्ही रिळं चालू असल्यामुळे घूं मात्र एकमेकींना खातच राहते. सिंगल कॉइलची हुबेहूब नक्कल नाही, पण पुण्यातल्या कार्यक्रमाला पुरते.

जोडणी अशी. स्विचच्या मधल्या दोन पायांपैकी एकावर पहिल्या रिळाचं शेवटचं टोक, दुसऱ्यावर दुसऱ्या रिळाचं पहिलं टोक. एका बाजूचे दोन पाय एकमेकांना जोडून टाकायचे. तिकडे स्विच गेला की सिरीज. दुसऱ्या बाजूचा जो पाय पहिल्या रिळासमोर येतो तो जमिनीला, दुसऱ्या रिळासमोरचा पाय गरम तारेला. तिकडे गेला की समांतर. पहिल्या रिळाचं पहिलं टोक कायम गरम, दुसऱ्याचं शेवटचं कायम जमिनीला. नॉब ओढल्यावर कोणत्या बाजूचे पाय जोडले जातात ते डाख द्यायच्या आधी मीटरच्या बीपवर पाहून घ्यावं.

सिरीजची हौस टोकाला नेली ती क्वीनच्या ब्रायन मे यांनी. वडिलांसोबत घरी १९६३ मध्ये सुरू केलेल्या त्यांच्या गिटारीत तिन्ही पिकअप एकापुढे एक जोडलेले, आणि प्रत्येकाला एक चालू-बंदचा आणि एक फेज उलटवायचा स्विच. ज्यांच्या गाण्यामागे ती वाजली ते फ्रेडी मर्क्युरी शाळेत होते आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये. त्यांचा पहिला बँड तिथलाच. तेव्हा या वायरिंगवर निम्मा हक्क सातारा जिल्ह्याचाही आहे, असं मी तालमीत सांगत असतो.

रंगावर जाऊ नये

चार तारांचा हमबकर हाती आला की इंटरनेटवरची आकृती उघडून रंगाला रंग जोडायचा मोह होतो. सेमूर डंकनच्या पिकअपमध्ये काळी गरम, हिरवी जमिनीला, लाल आणि पांढरी एकमेकींना. डिमार्झिओमध्ये लाल गरम, हिरवी जमिनीला, काळी आणि पांढरी एकमेकींना. एकाच रंगाचे दोन अर्थ. बिनानावाच्या पिकअपचं तर विचारूच नका.

म्हणून मीटर. आधी कोणत्या दोन तारांमध्ये तीन-चार हजार ओहम येतात ते बघून रिळांच्या जोड्या लावायच्या. मग मीटर २० हजार ओहमवर ठेवून पिकअपच्या खिळ्यांवर पोलादी स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा आणि झटकन उचलायचा. आकडा क्षणभर वर उसळतो किंवा खाली जातो. लाल पिन कोणत्या तारेवर होती आणि आकडा कुठे गेला, हे लिहून ठेवलं की दोन पिकअप एकमेकांच्या उलट वाजतात का ते गिटार बंद करायच्या आधीच कळतं. उलटे निघाले तर एकत्र वाजवताना आवाज नाकात बोलल्यासारखा पातळ होतो. काहींना तो हवाच असतो. गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या लेस पॉल गिटारमधल्या मानेच्या पिकअपचं चुंबक उलटं बसलेलं होतं, आणि तो दोष लोकांनी पुढे पैसे मोजून नकलला.

तांब्याची पट्टी

गिटारच्या खाचेत आतून चिकट तांब्याची पट्टी लावून ती जमिनीला जोडली की किरकिर बरीच कमी होते, घूं कमी होत नाही. चुंबकीय क्षेत्राला तांब्याचा पातळ कागद दिसतच नाही. पट्ट्यांचे जोड मीटरवर बीप देतात का ते बघावं, आणि जॅकचं टोक पट्टीला टेकत नाही ना तेही. टेकलं तर गिटार मुकी, आणि ते फक्त जॅक घातल्यावरच टेकतं, म्हणून शोधायला जीव जातो. पावसाळ्यात पॉट खरखरले तर काँटॅक्ट क्लीनर मारावा, घरातल्या दाराच्या बिजागरीचं तेल नाही.

अर्थिंग

तारांना हात लावला की किरकिर थांबते, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पुलाखालून एक तार जमिनीच्या जोडणीला जाते, त्यामुळे तारा, जॅक, अँप आणि भिंतीतलं अर्थिंग अशी साखळी असते, आणि तिचं एक टोक आपल्या बोटांत असतं. गिटारच्या आतलं व्होल्टेज मुंगीलाही चावणार नाही. पण जुन्या वाड्यातल्या दोन पिनांच्या सॉकेटवर, किंवा मांडवात ओढलेल्या जोडतारेवर, अर्थिंगच नसतं. अँपमध्ये गळती असेल तर गिटारच्या तारांवर वीज येऊन थांबते आणि दुसऱ्या लाइनवरच्या मायक्रोफोनला ओठ लागण्याची वाट पाहते. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचे गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये स्वान्सीच्या रंगमंचावर असेच गेले. मायक्रोफोनला हात लावला आणि कोसळले.

गाण्यापूर्वी मीटर एसी व्होल्टवर ठेवून एक पिन गिटारच्या तारेला, एक मायक्रोफोनच्या जाळीला लावावी. दहा-वीस व्होल्टही दिसले तर माइकपासून दूर. एका मंडळाच्या कार्यक्रमात मला ११० दिसले होते. आयोजक म्हणाले, ‘इतकी वर्षं काही झालं नाही.’ आम्ही अँप बंद ठेवून अकूस्टिकवर निभावलं. घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढणारे लोक आहेत. त्यांच्या शेजारी उभं राहून वाजवू नये. आणि वाल्व्हचा अँप स्वतः उघडू नये. त्यात बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट साठून राहतात.

डाख

पंचवीस वॉटची सोल्डरिंगची इस्त्री बारीक जोडांना पुरते, पण पॉटच्या पाठीवर तार बसवायला पुरत नाही. पत्रा उष्णता पिऊन टाकतो, आपण मिनिटभर टेकवून बसतो आणि आतला कार्बनचा पट्टा भाजून निघतो. साठ वॉटची घ्यावी, पाठ आधी कानशीनं खरवडावी, तीन सेकंदांत काम उरकावं. चांगला जोड चकचकीत दिसतो. मळकट आणि दाणेदार दिसला तर तो नुसता चिकटलेला असतो, जोडलेला नसतो, आणि ऐन कार्यक्रमात सुटतो. वास राळेचा यावा, प्लास्टिकचा नाही.

सुरुवात करण्याआधी आतल्या तारांचे चार बाजूंनी फोटो काढावेत, एका वेळी एकच बदल करावा. अकरा स्क्रू परत पिळण्याआधी गिटार अँपला जोडून, तारा न चढवता, स्विचच्या प्रत्येक जागेवर पिकअपवर स्क्रू ड्रायव्हरनं टकटक करावी. जो वाजायला हवा तोच वाजतो ना, हे तिथेच कळतं. काढलेले जुने भाग कागदावर गिटारचं नाव आणि तारीख लिहून एका पिशवीत ठेवावेत. माझ्या कपाटात अशा चार पिशव्या आहेत, त्यातल्या एका गिटारीत गेल्या दिवाळीत सगळं मूळचं परत घातलं. ट्रेबल ब्लीड तेवढा ठेवला, १०२ चा.